तळपायांचा पंचनामा

नोकरीतल्या कुठल्याही गुन्ह्यापेक्षा ही एक केस मला लख्ख आठवते, आणि ती मी निवृत्त झाल्यावर परदेशात हाताळली. २०२० साली विमानं बंद झाली तेव्हा मी डब्लिनच्या ओंगार भागात मुलीकडे अडकलो होतो. शिपाई म्हणून भरती झालेला मी खात्याच्या परीक्षा देत सहायक निरीक्षकापर्यंत पोचलो. निरीक्षकपदाची फाइल मात्र शेवटपर्यंत हलली नाही. माझ्या हाताखाली पंचनामा लिहायला शिकलेले पुढे गेले. तो राग माझ्याबरोबर आयर्लंडलाही आला होता.

मुलगी तिथे सरकारी इस्पितळात डॉक्टर. तिच्या ओळखीच्या एक आयरिश डॉक्टरबाई आश्रय मागणाऱ्या लोकांना तपासून अहवाल लिहायच्या. अंगावरच्या खुणा आणि मनाची अवस्था माणसाच्या सांगण्याशी जुळते का, हे त्या अहवालात असायचं. त्यांना हिंदी-उर्दू जाणणारा दुभाषी हवा होता.

"बाबा, दिवसभर आमच्यावर ओरडण्यापेक्षा हे करा," मुलगी म्हणाली.

बाईंनी फोनवर नियम सांगितला: समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, आपलं काही घालायचं नाही.

अर्जदार आपल्या शेजारच्या एका देशातला, छापखान्यात काम केलेला. संपाची पत्रकं छापली म्हणून तिथल्या पोलिसांनी त्याला उचललं आणि तळपायांवर मारलं, असं त्याचं म्हणणं. अर्ज एकदा फेटाळला होता. अपीलही फेटाळलं गेलं असतं तर त्याला परत त्याच पोलिसांच्या हद्दीत धाडलं असतं.

साथीमुळे तपासणी व्हिडिओवर ठरली होती. मी अडून बसलो. "बाई, तळपाय स्क्रीनवर काय दिसणार? खिडक्या उघड्या ठेवा, मास्क लावू, पण समोर बसवा."

"बरं, अर्धा तास."

"एक तास."

"तुम्ही बाजारातही असंच करता का हो?"

"बाजारात याहून वाईट."

पाऊण तासावर तोडलं. "ग्रँड," बाई हसून म्हणाल्या. तिकडे 'ठीक आहे'ला असंच म्हणतात.

दवाखान्यात तो माणूस पहिली दहा मिनिटं बोलेचना. सारखा दाराकडे बघायचा. मग माझ्या लक्षात आलं. ठाण्यातल्या सवयीने मी माझी खुर्ची दाराला लावून, वाट अडवून बसलो होतो. मी उठलो, खुर्ची खिडकीपाशी नेली. तो बोलू लागला.

बाईंनी आधीचा निर्णय वाचून दाखवला. मारहाणीनंतर लगेच अंगणात चालवलं, असं अर्जदार सांगतो. तळपायांवर इतका मार बसलेल्या माणसाला चालता येणार नाही. म्हणून त्याचं कथन विश्वासार्ह नाही. "खरंच चालवलं का, विचारा."

"चलाया, साब. पानी डालके, गीले फर्श पे," तो म्हणाला. "क्यों, वो मुझे भी नहीं मालूम. साथवाले बोले, ये बात निकाल दे. पर हुआ था, तो कैसे निकालूँ?"

खोटं बोलणारा माणूस न पटणारं आधी गाळतो. हा तेच धरून बसला होता, नुकसान होत असतानाही. आणि का चालवलं ते मला ठाऊक होतं. ओल्या फरशीवर चालवलं की सूज उतरते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं तर पायांवर फारसं काही दिसत नाही. माझ्या पहिल्याच ठाण्यात मी हे पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं.

"बाई, आता मी दुभाषी म्हणून बोलत नाहीये," मी म्हणालो, आणि कारण सांगितलं. मग तेच त्याला हिंदीत सांगितलं. त्याच्याबद्दलचं बोलणं त्याला कळलंच पाहिजे.

त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "आप पुलिस में थे?"

"हाँ. पानी मैंने डाला था. किसी और के लिए. चुप भी रहा."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो लिखके दोगे?"

बाई मात्र भडकल्या. "नियम मोडलात. हे असं चालणार नाही. दुसरा दुभाषी आणून सगळं पहिल्यापासून करावं लागेल." मीही आवाज चढवला, पण चूक माझी होती. पंच फुटला की पंचनामा पडतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या खेपेला मी नव्हतो. टाचांखालची गादी बसलेली, पायाची बोटं वर वाकवली की कळ, झोपेत दचकून उठणं, हे सगळं बाईंनी नोंदवलं आणि कथनाशी 'अत्यंत सुसंगत' असा अभिप्राय दिला. चालवण्याची पद्धत आणखी कुठे नोंदली गेली आहे, तेही शोधून जोडलं. माझा एका पानाचा जबाब त्याच्या वकिलाने वेगळा घेतला.

"बाबा, नाव, हुद्दा, सगळं लिहून देणार? तिकडे कुणी वाचलं तर?" मुलीने विचारलं.

"वाचू दे. खात्याने माझं अडवायचं काय राहिलंय?"

२०२१च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "साब, मंज़ूर हो गया. अब कोई वापस नहीं भेजेगा." मी पाय कसे आहेत ते विचारलं. म्हणाला, थंडीत दुखतात.

नोकरीभर मी लोकांना दरडावत आलो की खरं बोल. खरं बोलणं माणसाला किती जड जातं, ते मला त्या खोलीत कळलं. जबाब असंख्य घेतले. दिलेला हा एकच. त्याची प्रत मी जपून ठेवली आहे, आणि कुणी नोकरीबद्दल विचारलं की आधी तीच दाखवतो.