तितराच्या पावलांचे टायर

आमच्या प्लम क्रीकमध्ये कोणी नवी पिकअप घेतली तर लोक एकदा बघतात नि सोडून देतात. टायर नवे घातले तर मात्र कॅफेतली कॉफी अर्धी टाकून बाहेर येतात, गाडीभोवती एक फेरी मारतात आणि प्रत्येक जण टायरला बुटाची एक लाथ घालतो. आमच्या मोंटानात ही लाथ म्हणजे आशीर्वाद समजायचा.

लायल ब्रेके हा माझ्या धाकट्या बहिणीचा, आर्दिसचा, नवरा. कच्च्या रस्त्यांवर काउंटीचा ग्रेडर फिरवायचं काम त्याचं. भलंमोठं पातं लावलेलं ते पिवळं धूड घेऊन तो उन्हाळ्यात रस्ते सपाट करतो आणि हिवाळ्यात बर्फ सारतो. मी त्याच रस्त्यांनी टपाल वाटते, म्हणजे तो रस्ते करतो आणि मी झिजवते. माणूस सरळ, कष्टाळू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दोष एकच, ओल्या रस्त्याबद्दल लोकांना फार उपदेश करायचा.

उपदेशात चूक काही नव्हती. आमची माती गंबो. कोरडी असली की दगड, ओली झाली की साबण आणि सरस एकदम. पाऊस झाला की मातीच्या रस्त्यावर कोणी जात नाही, टपालसुद्धा नाही. आग, बाळंतपण आणि मरण, एवढ्यांनाच सूट. ओल्या गंबोत गाडी घातली की हातभर खोल चाकोऱ्या पडतात, दुसऱ्या दिवशी ऊन त्या भाजून पक्क्या करतं, आणि मग पुढचा मोठा पाऊस येईपर्यंत सगळ्या वाटसरूंनी त्यातूनच कंबर मोडून घ्यायची. लायलच्या आधी ग्रेडरवर एमिल हाउग होता. लायलला काम शिकवलं ते त्यानेच. तो म्हणायचा, "चिखल दोन दिवसांचा, चाकोरी उन्हाळाभराची." लायलने हे वाक्य अख्ख्या गावाला पाठ करायला लावलं. एकदा तर त्याने पाद्रीबुवांना भर रस्त्यात अडवून ते ऐकवलं आणि बुवा बिचारे मान खाली घालून ऐकत राहिले.

तर मागच्या हिवाळ्यात लायलच्या पिकअपचे टायर गुळगुळीत झाले. ते हायवेचे साधे टायर होते. पिकअप त्याला रोज लागते. घरून काउंटीच्या शेडपर्यंत थोडा मातीचा रस्ता, पुढे खडीचा, मग डांबरी. या तिन्हींना एकच टायर निवडायचा म्हणजे नुसता छळ. चिखलासाठीचे, खोल खाचांचे घ्यावेत, तर डांबरावर घोंघावतात, पेट्रोल पितात आणि बघता बघता टकले होतात. हायवेचे घ्यावेत, तर शांत आणि मऊ, पण धारदार खडीने त्यांच्या कुशी फाटतात. मधले, सगळ्या वाटांना चालणारे, त्यांतही दहा जाती. कोणाच्या खाचांत खडे अडकतात आणि मागच्याच्या काचेवर उडतात. कोणाची बाजू इतकी कडक की रिकामी पिकअप बकरीसारखी उड्या मारते. कोणावर बर्फात चालण्याचा शिक्का असतो, कोणावर नसतो. लायलने अख्खा हिवाळा यात घालवला. ज्याला त्याला विचारलं, आणि ज्याने त्याने आपल्याकडे होते तेच चांगले म्हणून सांगितलं.

आर्दिस वैतागली. "माझ्याशी लग्न करायचं तू एका नाचात ठरवलंस," ती म्हणाली, "आणि टायरला अख्खा हिवाळा?"

"टायर रोज वापरायचे असतात," लायल म्हणाला. दोन दिवस त्याला जेवण थंडच मिळालं.

शेवटी रस नावाच्या टायरवाल्याने एक नवी जात मागवून दिली. मधल्या पट्ट्यावर तीन बोटांची नक्षी, अगदी तितराच्या पावलासारखी. रस म्हणाला की काउंटीत ही नक्षी दुसऱ्या कोणाकडे नाही. लायल हे वाक्य महिनाभर चघळत होता. कॅफेबाहेर सगळ्यांनी लाथा घातल्या. मीही घातली. निवड उत्तम होती, खोटं कशाला बोलू.

जूनच्या अखेरीला एका रविवारी दुपारी चांगला दणकून पाऊस झाला. जेवण झाल्यावर लायल एकसारखा खिडकीशी जाऊन बाहेर बघत होता, असं आर्दिस सांगते. मग म्हणाला, एमिलच्या घराकडे जाणाऱ्या हाउग रोडखालची मोरी तुंबली असेल, बघून येतो. मोरी उद्याही तिथेच असेल, ती म्हणाली. तो टोपी घालून निघालाच.

तास-दीड तासाने परत आला तो पिकअप टपापर्यंत चिखलाने माखवून, आणि हसत. गाडी पार हाउगांच्या फाटकापर्यंत गेली होती आणि वळून परत आली होती. मोरी स्वच्छ होती. ती तुंबली नसणार हे त्याला निघतानाच ठाऊक होतं. जुने टायर असते तर पहिल्याच चढाला पिकअप आडवी झाली असती आणि हा मुकाट्याने घरी आला असता. जुन्या टायरांनी त्याची अब्रू राखली असती. नव्यांनी त्याला पार नेलं.

सोमवारी लख्ख ऊन पडलं. रस्ता वाळल्यावर मी टपाल घेऊन गेले आणि पहिल्याच खळग्यात माझं डोकं टपाला आपटलं. मैलभर लांब चार चाकोऱ्या, दोन जाताना पडलेल्या आणि दोन येताना, आणि तळाशी भाजल्या विटेवर उठवावी तशी ठसठशीत तितराची पावलं. मी गाडीतून उतरून बघत राहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हे असं.

मी गप्प बसणारी बाई नाही, पण बहिणीचा नवरा पडला. आपलेच दात नि आपलेच ओठ. त्या दिवशी कॅफेत विषय निघाला तेव्हा लायल कोपऱ्यात बसलेला होता. सगळ्यांनी त्या टायरांना लाथा घातलेल्या, सगळ्यांना नक्षी ठाऊक. तरी एक जण म्हणाला, कोणी बाहेरगावचा असेल. दुसरा म्हणाला, हो, बाहेरचाच. लायलची पाळी आली तेव्हा तोही कपाकडे बघत म्हणाला, "असेल." मला राहवलं नाही. यंदा तितरं फार माजलीत, एवढंच मी म्हटलं. त्याचे कान बिटासारखे लाल झाले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, तिथेच मिटलं असतं. लोकांनी त्याला सांभाळून घेतलं, आणि सांभाळून घेतलेल्या माणसाला वर बघता येत नाही.

त्याने ग्रेडर नेऊन बघितला. कोरड्या गंबोवर पातं नुसतं नाचलं आणि ढेकळं तेवढी उडाली. पाणी मारावं तर सगळे टँकर गवताला लागलेल्या वणव्यांमागे गेलेले. पावसाची वाट बघण्यावाचून इलाज नव्हता, आणि जुलै कोरडा गेला.

एमिल हाउग आता गावातल्या शुश्रूषागृहात असतो. खुब्याचं हाड मोडलं ते नीट सांधलंच नाही. त्याची बायको ओटिली रोज दुपारी घरचा डबा घेऊन त्याला भरवायला जाते. तिची मोटार जुनी आणि जमिनीला टेकलेली. एके दिवशी मी पोचले तर मोटार दोन चाकोऱ्यांच्या मधल्या वरंब्यावर पोट टेकून बसलेली, इंजिनाखालचा चेंबर फुटून ऑइल वाहतंय, आणि ओटिली डबा छातीशी धरून उभी. ती खाली बघत होती. गुराख्याची मुलगी ती, तिला माग वाचता येत नाही असं कोण म्हणेल. तेवढ्यात समोरून लायलची पिकअप आली. तो उतरला, त्याने मोटार बघितली, ओटिलीला बघितलं, आणि मग ती बघत होती तिथे बघितलं.

"तुमची गाडी मी दुरुस्त करून आणतो," तो म्हणाला. "आणि पाऊस पडेपर्यंत रोज मीच तुम्हाला नेईन-आणीन."

"बरं," ओटिली म्हणाली आणि पिकअपमध्ये चढली. चढताना पुढच्या टायराला वळसा घालून जावं लागतं.

ऑगस्टभर हे चाललं. जेवणाच्या सुट्टीत लायल तिला न्यायचा, एमिलच्या खोलीत बसायचा आणि परत आणायचा. एमिलचं अंग थकलं होतं, डोकं लख्ख होतं. भात-कोंबडीचा पहिला घास गिळला की तो विचारायचा, "माझा रस्ता कसा आहे?" ओटिली म्हणायची, "बरा आहे." साठ वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी खोटं बोलल्याचं कोणाला आठवत नाही. आता ती रोज बोलत होती, आणि ज्याच्यासाठी बोलत होती तो खुर्चीत बसून टोपी चुरगाळत होता.

त्यातून एमिलने मागणी काढली. डॉक्टरांनी एका दिवसाची परवानगी दिली होती. त्याला घरी यायचं होतं, एकदा आपल्या ओट्यावर बसून गव्हाची कापणी बघायची होती. फक्त खुब्याला हादरा बसता कामा नये, एवढी अट. ओटिली म्हणाली, ऊन फार आहे, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात म्हणाली, धूळ फार आहे. एमिलने मग विचारणं सोडलं. त्याला वाटलं, बायकोला आपलं ओझं झालंय. तसं तो तोंडाने म्हणालाच एके दिवशी. म्हणाला, "राहू दे, ओटिली. मला घरी न्यायचं तुझ्या जिवावर येतं, कळतं मला."

 ओटिलीने डब्याचं झाकण लावलं. लायल उठून उभा राहिला. पुढचं मला ओटिलीनेच टपालपेटीपाशी सांगितलं.

"रस्ता खराब आहे," लायल म्हणाला. "म्हणून त्या तुम्हाला नेत नाहीत. ओल्यात गाडी घातली गेली. मी घातली."

एमिलने त्याच्याकडे बघितलं. "आग लागली होती?"

"नाही."

"कोणी अडलं होतं?"

मोरीचं निमित्त जिभेवर तयार होतं. त्याने तेच आर्दिसला सांगितलं होतं, कॅफेत कोणी विचारलं असतं तर तेच सांगणार होता. लायल म्हणाला, "नाही. टायर कसे चालतात ते बघायला गेलो होतो."

 एमिलने विचारलं, "चालले का?"

"चालले."

"मग टायर चांगले निवडलेस," एमिल म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवशी परतताना लायल मोठा माणूस असून हुंदके देत होता आणि गाडी त्याच चाकोऱ्यांतून उडत होती, असं ओटिली म्हणाली. तिने त्याला गप्प केलं नाही. घरी आल्यावर त्याने चारही टायर उतरवून कोठारात टाकले आणि जुने टकले परत चढवले. कॅफेत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की बाहेरचं कोणी नव्हतं, मीच होतो. सगळे म्हणाले, हो. यावर दुसरं म्हणणार तरी काय. आर्दिसने मला विचारलं की आता तरी त्याची लाज जाईल का. मी म्हटलं, टायर बदलण्याइतकं ते सोपं असतं तर किती बरं.

सप्टेंबरात पाऊस आला. दोन दिवस कोणी हललं नाही. माती हवी तशी झाली तेव्हा लायल पहाटे ग्रेडर घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत हाउग रोडवरच होता. असा रस्ता मी टपालाच्या नोकरीत बघितला नाही. कापणी केव्हाच होऊन गेली होती, तरी ओटिली एमिलला घेऊन आली, आपल्या त्या दुरुस्त केलेल्या बुटक्या मोटारीतून. लायल आपल्या फाटकाशी पिकअपजवळ टोपी काढून उभा होता. मी त्याच्या टपालपेटीत कागद टाकत होते. ते टाकायला मला त्या दिवशी जरा वेळ लागला, हे कबूल.

मोटार थांबली. एमिलने काच खाली केली. रस्त्याबद्दल तो अक्षर बोलला नाही. पिकअपच्या चाकांकडे बघत म्हणाला, "ते टायर कुठायत?"

"काढले," लायल म्हणाला.

"का?"

लायल हातातली टोपी चुरगाळू लागला.

"हिवाळा तोंडावर आलाय आणि हे टकले घालून फिरतोस," एमिल म्हणाला. "चढव परत. टायरचा काय दोष?"

लायलचे कान पुन्हा तसेच लाल झाले. तो फक्त "हो" म्हणाला. ओटिलीने मोटार पुढे घेतली, आणि ती कुठेही न उसळता, न हिंदकळता हाउगांच्या घराकडे गेली. लायलने त्याच संध्याकाळी ते चार टायर कोठारातून ओढून काढले.

आता बर्फ पडलंय. शेडपाशी, चर्चपाशी, कॅफेबाहेर, शुश्रूषागृहाच्या दाराशी तितराची पावलं उमटलेली असतात आणि कोणाची ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. लायल ती तशीच मागे टाकत जातो. एमिलने सांगितलंय म्हणून.