दाजींची मातीची तापी

दाजी गेल्याचं ताईचं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. जेवण पुरं केलं, हात धुतले आणि मग पत्र पुन्हा वाचलं. चार चांगले शब्द लिही, असं ताईनं खाली लिहिलं होतं. ते मला जमणार नाही.

दाजी म्हणजे ताईचे यजमान, बुऱ्हाणपुरात भूगोल शिकवत. नव्या प्रांतांची रेघ इच्छापूरपाशी पडली आणि मराठी बोलणारे आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हा ते महिनाभर धुमसत होते. "नकाशा काढणाऱ्यांनी माणसंच वगळली," म्हणायचे. बोलणं खरं होतं, म्हणून तर मला त्यांचा जास्त राग येतो. कारण त्याच वर्षांत त्यांनी अंगणात सिमेंट-मातीची तापी केली. जैनाबादच्या आमच्या शेतामागचा नाला, त्यावरचा कमानींचा पूल, आमचा गोठा, सगळं मापात. झारीनं पाणी सोडायचं आणि पूर कुठवर चढतो ते पाहायचं. मी विचारलं, "पुरात नुसतं पाणीच असतं का, दाजी?" ते हसले. "सगळंच घातलं तर तो नमुना कसला? काही सोडावंच लागतं." कबूल... पण काय सोडायचं ते ठरवलं कोणी? कधी शेतात न उतरलेल्या माणसानं.

त्या पावसाळ्यात नदी चढू लागली. बाबांनी विचारलं, "मास्तर, पानी गोठ्यापावत येईन का? बैल वर नेऊ?"

"नाही येणार. बेफिकर राहा."

पाणी त्यांच्या हिशोबाइतकंच आलं. पण सोबत केळीच्या बागा आल्या. उपटलेली खोडं कमानींत अडकली, नाला मागे फुगला आणि दावणीची बैलजोडी बुडाली. बाबांनी पुन्हा औत धरलं नाही. दाजी एवढंच म्हणाले, "पाण्याचा हिशोब चुकला नव्हता." मी त्यांच्या घरची पायरी चढणं सोडलं.

दहाव्याला गेलो, ते ताईसाठी. अंगणातली तापी कोरडी होती. पुलाच्या कमानींत काही अडकलेलं दिसलं म्हणून वाकलो. केळीच्या खोडाचे बोटभर तुकडे होते, वाळून काळे पडलेले.

"दरसाल नवे कापून बसवत," ताई म्हणाली. "मंग पानी सोडत अन् गोठ्याकडे पाहत बसत. कोनाशी बोलत नसत."

म्हणजे चूक कळली होती. ती मातीला सांगितली. बाबा त्यानंतर कितीतरी वर्षं नदीपलीकडे ओट्यावर बसून होते, त्यांना नाही सांगितली. मी झारी भरून आणली, आणि गोठा बुडेपर्यंत खाली ठेवली नाही.