थांबायची ओळ

गजभिये काका कीबोर्डवरचं एकच बटण दाबायचे, आणि तेही मुठीनं. सकाळी साडेनऊला यायचे, खुर्ची पुसायचे, चष्मा पुसायचे, आयुष्यात कधी न वापरलेला माउसही पुसायचे, आणि मग उजवी मूठ उचलून एफ-नाईनवर आपटायचे. त्यानंतर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे आणि समोर फॉर्म आपोआप भरत जाताना बघायचे. भिलाईत, सुपेल्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात यशवंत हे त्यांचं नाव फक्त हजेरीच्या कागदावर होतं. बाकी सगळ्यांसाठी ते एफ-नाईन काका.

आमचा ठेकेदार पोलादाच्या प्लांटला मजूर पुरवायचा आणि त्या मजुरांचे गेटपास आम्ही भरायचो. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, गाव, रक्तगट आणि अंगावरची ओळखीची खूण. एक्सेलच्या यादीत बघायचं आणि एका जुनाट सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचं. ते सॉफ्टवेअर प्रत्येक पासला नवी विंडो उघडायचं आणि ती विंडो तिच्या मनात आलं तरच पुढे यायची. मी बी.कॉम. होऊन तिथे लागले, तेव्हा मी आणि तिसऱ्या टेबलावरचा देवांगन दहा बोटांनी बडवत असायचो. काका एक मूठ मारून आमच्या दोघांच्या दुप्पट पास काढायचे आणि वर आम्हालाच विचारायचे, "थकले का?"

काका प्लांटमध्ये तीस वर्षं क्रेन चालवून रिटायर झालेले. घरी करमेना म्हणून नेटवर बघून, शेजारी डिक्शनरी ठेवून, ते बटणांची स्क्रिप्ट लिहायला शिकले. वर्षभर लागलं. एक बटण दाबलं की पुढची सगळी बटणं कॉम्प्युटरनं स्वतः दाबायची, एवढाच त्याचा अर्थ. पण क्रेन त्यांच्या अंगातून गेलेली नव्हती. एफ-नाईन दाबलं की आधी तीन वेळा पीं पीं पीं वाजायचं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "भोंगा वाजवल्याबिगर लोड नाई हालवाचा पोरी. खाली कोनाचं डोस्कं हाय, तुले वरून काय मालूम?" रोज सकाळी तो भोंगा वाजला की देवांगन मान वर न करता छत्तीसगढीत म्हणायचा, "कका, तोर गाडी छूटगे." काका त्याला गाडीत बसल्यासारखा हात करायचे.

त्यांची स्क्रिप्ट मी एकदा उघडून वाचली. अशा फायलीत दोन ओळींच्या मधे स्वतःसाठी टिपा लिहून ठेवता येतात, कॉम्प्युटर त्या वाचत नाही. काकांच्या टिपा इंग्रजी अक्षरांत आणि चोख नागपुरीत होत्या. "इथं खिडकीले समोर बोलाव." त्याखाली, "आली का पाय. नाई आली तं थांब. थांबल्यानं कोनी मरत नाई." विंडोला ते खिडकीच म्हणायचे. आणि एका जागी नुसतंच, "इथं कावून चालते मले मालूम नाई. हात लावू नोको."

खिडकी कशी ओळखायची यावर त्यांचं पक्कं मत होतं. "निस्त्या नावावर जाशीन तं फसशीन. 'नवीन पास' म्हून हाक मारली का एक्सेलमधली 'नवीन पास यादी' बी उठून येते. नाव पाय, आन् मंग बाप पाय. कोन्या प्रोग्रामच्या पोटची हाय, ते पाय." हाच नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. चहाची वेळ झाली की मला अख्ख्या ऑफिससमोर हाक यायची, "प्रज्ञा सुखदेव मेश्राम, चाय घेतं का?" मी खूप चिडायचे. पण आमच्या मजुरांत चार संतोष साहू होते. देवांगननं दारातून नुसतं "संतोष" म्हटलं की चौघंही आत घुसायचे आणि वर पानठेलेवालाही डोकवायचा, कारण तोही संतोष. काका म्हणायचे, "संतोष, पिता फेरूराम," आणि बरोबर एकच माणूस उठायचा.

मूठ, मांड्यांखालचे हात आणि अर्धाच कप चहा यांचा संबंध मला लागला तो तिसऱ्या महिन्यात. चहावाल्यानं चुकून भरलेला कप दिला आणि तो काकांच्या हातातून माझ्या ओढणीवर आला. मी काही बोलणार तेवढ्यात मला तो हात दिसला. मनगटापासून पुढे नुसता थरथरत होता. काकांनी तो पटकन मांडीखाली सारला आणि दाराकडे बघून म्हणाले, "कंप हाय. डॉक्टर म्हनते वाढन. वाढो." मग जरा वेळानं, "ऑफिसात सांगू नोको. नोकरी सुटली का मले घरी खाटेवर बसवतीन आन् चम्मचनं चारतीन. पोरगा चांगला हाय, सून बी चांगली हाय, तेच तं भेव हाय. पिरमानं चारतीन. तसं नाई होऊ द्याचं मले." मी ओढणी धुतली आणि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढे माझ्या हातून जे पाप झालं, ते निदान सरळ तरी झालं असतं.

काकांनी स्क्रिप्ट माझ्याही कॉम्प्युटरवर टाकून दिली होती. मी बावीस वर्षांची होते आणि मला सगळ्याचीच घाई होती. प्रत्येक पासला ती दोन-तीन सेकंद नुसती थांबायची. खिडकी खरोखर समोर आली की नाही हे बघून मगच टाइप करायची. मला ते वेळकाढूपणाचं वाटलं. एका दुपारी मी ती थांबायची ओळ काढून टाकली. एकदा चालवून बघितली, सुसाट गेली. मी स्वतःवर इतकी खूश झाले की तीस-पस्तीस मजुरांची यादी लावून एफ-नाईन दाबलं आणि डबा खायला मागच्या खोलीत गेले.

त्या वेळी माझ्या पडद्यावर सगळ्यात पुढे काय उघडं होतं, तर भिलाईतल्या आमच्या समाजाचा व्हॉट्सॲपवरचा वधूवर ग्रुप. आईनं माझा फोटो तिथे टाकला होता आणि राजनांदगावच्या एका स्थळाला मी नीट उत्तर द्यावं म्हणून सकाळपासून माझा जीव खाल्ला होता. नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर अडकलं. खिडकी पुढे आलीच नाही. आणि तिची वाट बघायचं काम मी स्क्रिप्टकडून काढून घेतलेलं, त्यामुळे तिनं समोर जो दिसला त्याला सांगायला सुरुवात केली. आमच्या फॉर्ममध्ये एंटर दाबून पुढच्या रकान्यात जातात. म्हणजे ग्रुपवर प्रत्येक रकाना वेगळा मेसेज होऊन गेला. संतोष कुमार साहू. फेरूराम साहू. जन्मतारीख. गाव. ओ पॉझिटिव्ह. डाव्या भुवईवर जुनी जखम. लगेच पुढचा उमेदवार. कॅंप-वन वस्तीतल्या एका काकूंनी विचारलं, मुलाचं शिक्षण किती? त्यावर माझ्याकडून उत्तर गेलं, उजव्या पायाला सहा बोटं. ग्रुप चालवणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं, मुलीकडच्यांचा मोकळेपणा आवडला.

मी डबा संपवून आले तेव्हा मोबाईलवर आईचे अकरा फोन येऊन गेले होते. बारावा मी घेतला. "प्रज्ञा, हे कोन पोट्टे हायेत? तू एवढे पोट्टे कावून धाडून राहिली?" मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. मेसेज पुसत बसले. मला हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती. गरीब माणसांच्या अंगावरच्या खुणा मी चारचौघांत वाटल्या होत्या.

काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी फाईल उघडायला सांगितली, खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "ते ओळ कावून काढली?"

"काका, टाइम बहुत जाऊन राहिला होता."

"टाइम नाई जाऊन राहिला होता. ते वाट पाऊन राहिली होती." एवढंच. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ग्रुपमध्ये आमच्या एका सुपरवायझरची बायको होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रायपूरहून मॅनेजर आले. तिशीतला, सभ्य माणूस. "ये किसने किया?" मी हात वर केला. त्यांनी मोबाईलवर वेळ बघितली आणि विचारलं, पाच मिनिटांत एवढे मेसेज कोण टाइप करू शकतं? मी घाबरून स्क्रिप्टचं सांगितलं. "बनाया किसने?" मी तोंडानं नाव घेतलं नाही, फक्त काकांकडे बघितलं. तेवढं पुरलं. सोमवारी तिघांनीही त्यांच्यासमोर एकेक फॉर्म हातानं भरून दाखवायचा, असं ठरलं. कोणाला काम येतं आणि कोणाला नाही ते त्यांना बघायचं होतं.

शनिवारी बसस्टॉपवर मी काकांना म्हटलं, सांगा की बोट दुखावलंय, पट्टी बांधून या. काका म्हणाले, "आन् मंगळवारी? मंगळवारी कोनती पट्टी बांधू?" मग त्यांची कुरुदची गाडी आली आणि ते आधी पाय, मग हात, असं करत चढले.

सोमवारी देवांगनचा फॉर्म तीन मिनिटांत झाला, माझा अडीच. काकांनी मांड्यांखालून हात काढले. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी पहिल्या बटणावर बोट टेकलं की तीन-तीन अक्षरं उमटायची. ते मागे येऊन दोन पुसायचे आणि पुढचं शोधायचे. कीबोर्ड टेबलावर खडखडत होता. दहा मिनिटांनी मॅनेजरांना ते बघवेना. "अंकल, रहने दीजिए."

"सर, अभी जन्मतारीख बाकी है," काका म्हणाले, आणि भरत राहिले. सहाही रकाने भरले. पंचवीस मिनिटं लागली. त्यात एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. मी देवांगनकडे बघितलं, तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

मॅनेजर वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी काकांना काढलं नाही. त्यांना स्क्रिप्ट दाखवायला सांगितली, थांबायची ओळ परत घातलेली. काकांनी मूठ मारली, भोंगा वाजला आणि फॉर्म भराभर भरत गेले. मॅनेजर खरोखर खूश झाले. "एक नंबर चीज है, अंकल. तीनों कंप्यूटर पे यही चलेगा." मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी आपुलकीनं म्हणाले, "आप बस आराम से बैठिए. एफ-नाईन बिटिया दबा देगी."

काका तीन दिवस आले. खुर्ची पुसली, चष्मा पुसला आणि बसून राहिले. मी म्हटलं, काका, तुम्हीच दाबा ना. ते म्हणाले, "नाई, साहेबानं तुले सांगितलं." भोंगा मी वाजवायचे. देवांगन गाडी सुटल्याचं बोलेनासा झाला. चौथ्या दिवशी काका आले नाहीत.

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. स्क्रिप्ट अजून चालते आणि नवीन आलेले लोक ती कोणाची हे विचारत नाहीत. मी सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी सांगते. माझं लग्न राजनांदगावच्या त्या स्थळाशी झालं नाही, हे काकांचे उपकार समजायला हरकत नाही. पण त्यांची आठवण आली की मला एफ-नाईन आठवत नाही. मला आठवतो तो चौथा दिवस, शुक्रवारची दुपार.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून कुरुदला त्यांच्या घरी गेले. माफी मागायची होती आणि कशी मागायची ते वाटेत पाठ करत होते. दार उघडंच होतं. काका समोरच्या खोलीत जमिनीवर ताट घेऊन बसले होते. वरण-भात होता. घास उचलला की अर्धा ताटात परत पडायचा, थोडा सदऱ्यावर, थोडा मांडीवर अंथरलेल्या टॉवेलवर. उरलेला तोंडापर्यंत जायचा. सून आतल्या दाराशी चमचा घेऊन उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. ती एक पाऊल पुढे आली की काकांचा डावा हात वर व्हायचा आणि ती तिथेच थांबायची.

मला बघवलं नाही. मी चपलांसकट आत शिरले आणि माझा हात आपसूक ताटाकडे गेला.

"बस," काका म्हणाले. मी हात मागे घेतला तरी ते माझ्याकडेच बघत होते. "मले पाऊन घंटा लागते. तुले घाई असन तं जा."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. बाहेर जाऊन चपला काढल्या, परत आले आणि त्यांच्यासमोर भिंतीला टेकून बसले. रडू येत होतं, ते येऊ दिलं. सुनेनं चमचा आत नेऊन ठेवला आणि तीही येऊन बसली. ताटात अजून बराच भात होता.