बरोबरी झाली तर

त्या उन्हाळ्यात आमचा माग बंद होता. सूत मिळत नव्हतं, आणि मिळालं तरी नऊवारीला गिऱ्हाईक नव्हतं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, तेही इंग्रजीत बरे गुण मिळवून, आणि त्याचा तोरा मिरवत घरभर हिंडत होते. दुपारी दारातल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की खोली गारठून जायची, तिला एक ओला, हिरवट वास यायचा. दादा मग मागाशेजारी चटई टाकायचा, मला समोर बसवायचा आणि म्हणायचा, "वाच वं."

वाचायचा तो एक टाइप केलेला कागद. दादाचा मित्र परदेशी प्रवासी जहाजावर वाढप्याचं काम करायचा, त्यानं तो पाठवला होता. त्या जहाजावर श्रीमंत लोक ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा जुगार खेळत, आणि पानं वाटायला पगारी माणसं लागत. मुलाखत मुंबईला, महिन्याभरात. दादाला इंग्रजी अक्षरं लागायची, अर्थ लागत नसे. म्हणजे त्याचं अख्खं जहाज माझ्या जिभेवर तरंगत होतं.

"हिट म्हणजे?"

"आणखी एक पान दे."

"स्टँड?"

"बस झालं, आता नको."

"आन् बस्ट?"

"एकवीसच्या वर गेला. मेला."

खेळ आम्हाला अगदीच नवा नव्हता. दिवाळीत आम्ही चिंचोके लावून 'एकवीस' खेळायचोच. चित्रांचे दहा, एक्का एक किंवा अकरा, एकवीसच्या जास्त जवळ जाईल तो जिंकला, हे आईलासुद्धा पाठ होतं. पण ही नवी नावं उच्चारली की मला खोली हलल्यासारखी वाटायची. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. माझा समुद्र अंबाझरीच्या तलावाएवढाच होता, फक्त पलीकडचा काठ काढून टाकलेला. दादाचे हात मागावर धोटा फेकून फेकून तयार झालेले. पान त्याच्या बोटांतून सुटायचं ते आवाज न करता, आणि नेमकं माझ्या गुडघ्यासमोर येऊन थांबायचं. मी डोळे अर्धे मिटून पानं येऊ द्यायची. बाहेर ऊन, आत आम्ही दोघं, आणि कुठेतरी खूप लांब, पाण्यावर, दिवे लावलेलं टेबल.

सोळापर्यंत वाटणाऱ्यानं पान घ्यायचंच, सतराला थांबायचंच, त्याची स्वतःची मर्जी काही नाही, असं मी वाचून दाखवलं तेव्हा दादा खूश झाला. "बरं आहे," तो म्हणाला, "डोक्याले ताप नाही."

एका दुपारी आमची दोघांची बेरीज एकोणीस आली. दादानं सरळ माझे चिंचोके ओढून घेतले. आमच्या घरचा नियमच तसा, बरोबरी झाली तर डाव वाटणाऱ्याचा. पण कागदावरची शेवटची ओळ मी आदल्याच दिवशी मनात वाचली होती. तिथं 'पुश' असा शब्द होता, आणि बरोबरी झाली तर ज्याचं त्याला परत, असं लिहिलं होतं.

"शेवटी काय लिहून आहे वं?" दादानं विचारलं.

"काही नाही. आपल्यासारखंच."

किती सहज बोलले मी! दादा गेला तर या खोलीतल्या दुपारी कशा सरतील, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आई एकटी पडेल, घराकडे कोण बघेल, ही शहाणपणाची कारणं मी मागाहून शोधून काढली.

दादा मुंबईला गेला आणि आठवड्यानं परत आला. चहाची बशी हातात घेऊन त्यानं आईला आणि मला सगळं सांगितलं. "सगळं आलं मले. साहेब मान हालवून राहिले होते. मग बराबरी झाली आन् मी समोरच्याचे पैसे ओढून घेतले. साहेब म्हणे, दोन दिवसांत मार खाशील, जाय घरी." स्वतःच्या फजितीवर तो मोठ्यानं हसला. आईही हसली, सुटल्यासारखी, आणि आत भाकरी टाकायला गेली.

मला ते हसणं सोसेना. "मले माहीत होतं," मी म्हणाले. "कागदावर होतं ते. ज्याचं त्याले परत द्यायचं."

त्यानं तोंडाशी नेलेली बशी खाली घेतली. "मग काहून नाही सांगितलं वं?"

"तू चालला गेला असता."

तो ओरडला नाही. ओरडला असता, दोन थपडा दिल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. त्यानं चहा तसाच खाली ठेवला आणि अंगणात जाऊन हातपाय धुतले.

दादा कुठे गेला नाही. लकडगंजातल्या आरामशिनीवर कामाला लागला, लाकडाचा भुसा केसांत घेऊन संध्याकाळी घरी यायचा. माझी कॉलेजची फी त्यानंच भरली, कधी चुकवली नाही. पण घरात इंग्रजी कागद आला, औषधाची चिठ्ठी असो की कचेरीचं पत्र, की तो घडी करून खिशात घालायचा आणि माझ्यासमोरून उठून गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मास्तरांकडे वाचून घ्यायला जायचा. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, त्या वर्षीसुद्धा.