नव्या घरातला तिसरा दिवस

शेजारच्या फ्लॅटला आज रंग देतायत. ओल्या रंगाचा तो वास घरभर पसरला आणि मला बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

भांडुपच्या चाळीतली खोली सोडून आम्ही मुलुंडला, नवव्या मजल्यावर राहायला आलो होतो. तिसराच दिवस होता, भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. नवरा कामावर गेला होता. चाळीत कुणी वाल सोलायला बसलं, की न बोलावता चार बायका येऊन बसायच्या. त्याच सवयीने मी दार उघडं टाकलं आणि मोड आलेल्या वालांचं पातेलं घेऊन उंबऱ्याशी बसले. समोर चकचकीत फरशी आणि तीन बंद दारं. वालांनी बोटं बुळबुळीत झाली होती.

लिफ्टमधून समोरच्या बाई आल्या. मी सरकून जागा केली.

"काही प्रॉब्लेम झालाय का?" त्यांनी काळजीने विचारलं. "कुणाला बोलवू?"

"नाही ओ, सहज बसलेय."

त्या हसल्या आणि घरात गेल्या. त्यांची कडी लागल्याचा आवाज आला. मी पातेलं उचलून आत आले आणि ओट्यापाशी उभी राहून खूप रडले.

संध्याकाळी नवऱ्याने माझे डोळे पाहिले. "अगं, एवढं झकास घर झालं. आता काय कमी आहे?"

चांगल्यासाठी झालेल्या बदलातही काहीतरी कायमचं सुटतं आणि मन त्याचं सुतक पाळतं, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, मीच कृतघ्न आहे.

रडल्याबद्दल मी त्याची माफी मागितली.