भावाला सुचलेलं

माझा धाकटा भाऊ सिनेमात विनोदी कामं करतो आणि सिनेमा लिहितोही. लिहितो म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात बसून मी बोललेलं वहीत उतरवतो. मागच्या सिनेमात त्यानं साडी नेसून माझं औरंगपुऱ्यातल्या भाजीवाल्याशी झालेलं भांडण केलं. टॉकीज हसत होती आणि मी पदरानं तोंड झाकून बसले होते.

यंदा तो आला तेव्हा ठरवलं, आपलं बोलणं याला द्यायचं नाही. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी तो रडकुंडीला आला. "अक्का, काहीतरी बोल ना. उद्या सीन द्यायचाय."

मला राहवलं नाही. "कॉलेज शिकलास, अन् चौथी पास बाईला सीन मागतोस व्हय रं?"

"लई भारी!" म्हणत त्यानं तेही लिहून घेतलं.