मोटारी हुंगणारा साधक

घोडेगावात तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मोटार हुंगून तिचं दुखणं ओळखतो. गळ्यात गुरूंचा फोटो. "मन कधी आजारी पडत न्हाई, भाऊ. डॉक्टरांचा धंदा हाय त्यो," हे गिऱ्हाइकाला ऐकवतोच. मनाची मालकी गुरूंकडे असल्यावर तिथे डॉक्टर कसा खपणार?

माझ्या धाकट्या भावाला त्यानेच मनाच्या आजाराच्या गोळ्या नदीत सोडायला लावल्या. दोन महिन्यांत भावाने जीव दिला. दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं झाल्यावर यानेही माईक घेतला. म्हणाला, "श्रद्धा कमी पडली."

परवा माझी मोटार बंद पडली. जवळ दुसरा कारागीर नाही, म्हणून त्याच्याकडेच नेली.

"नामस्मरणानं चालू होईल का?" मी विचारलं.

मोटार हुंगून तो म्हणाला, "येड्यागत काय बोलता, भाऊ? आतून जळालीया ती. इलाज नको का करायला?"